भंडारदऱ्याचा समुद्र

माझ्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. उभा जन्म त्यांच्याबरोबर काढला आणि ते हे न कळताच गेले. मुलींना ठाऊक नाही. चर्चमध्ये दर रविवारी सगळे मिळून पापांची कबुली म्हणतात, तेव्हा मीही म्हणते, चांगली मोठ्यानं म्हणते — आणि नेमकं हे एक तेवढं जिभेखाली धरून ठेवते.

तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. म्हणूनच तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची छाती माझ्यात कधी नव्हती. पण जरा थांबा हं — एकदम नाही येत ते तोंडात. आधी बाबांचं सांगते.

माझे बाबा फोटो काढायचे. आता श्रीरामपूर म्हणतात, पण तेव्हा लोकांच्या तोंडी बेलापूर रोडच, स्टेशनावरून. स्टेशनामागं आमची पत्र्याची एक खोली होती. भिंतीला रंगवलेल्या बगीच्याचा पडदा, आणि समोर तीन पायांवर उभा लाकडी कॅमेरा. दुसरी मोठी लढाई चाललेली. पोरं भरती होत होती, आणि जाण्याआधी प्रत्येकाला आईसाठी एक फोटो काढून ठेवायचा असायचा. धंदा बरा होता. पण बाबांचा उजवा हात अर्धांगानं लुळा पडला, आणि सगळं माझ्यावर आलं. आमचा फोटो काचेवर यायचा. ती काच अंधारात भरायची, अंधारात धुवायची. शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी जे काय येतं ते त्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाखाली शिकले.

बाबांकडे घड्याळ नव्हतं. भिंगावरचं झाकण किती वेळ उघडं ठेवायचं ते प्रार्थनेवर मोजायचे. प्रभूची प्रार्थना — सावकाश, न अडखळता. उन्हातल्या माणसाला पहिला शब्दच पुरे. ढगाळ दिवशी एखादी ओळ. चर्चच्या आतला फोटो घ्यायचा तर पुन्हा पुन्हा, आमेन म्हणून परत सुरुवातीपासून. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय भाविक माणूस आहे!

आणि एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. हललं ते गेलं. एकदा भिंगाचं तोंड अगदी बारीक करून, झाकण खूप वेळ उघडं ठेवून, त्यांनी आठवडी बाजाराचा फोटो घेतला. काच धुतली तर बाजार रिकामा! पालं आहेत, तराजू आहेत, माणूस एक नाही. सगळी हलत होती ना, काचेला सापडलीच नाहीत. पोत्याला टेकून झोपलेला एक म्हातारा तेवढा स्वच्छ आला. आणि एक बाई भाव करताना जरा थबकली असेल — तिचा नुसता धूर. तिच्यातून पलीकडची मिरच्यांची रास दिसत होती. मी घाबरून ओरडलेच. बाबा हसले, म्हणाले, भूत न्हाई गं, अर्धवट थांबलेली बाई हाय ती.

आता मार्थामावशी. सख्खी नव्हे, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा शांतवन, आणि त्याची बायको विमल. विमल माझ्याच वयाची, एकोणीस-वीसची. पाण्याला बरोबर, शेणीला बरोबर, चर्चमध्ये एका बाकावर. शांतवन पलटणीत गेला, जाताना आमच्याच पडद्यापुढं खाकी कोटात उभा राहिला, आणि मुंबईहून बोटीत बसून दूर कुठं गेला. मग सरकारी कागद आला. पाळकसाहेबांनी वाचून दाखवला. बोट बुडाली, शांतवन बेपत्ता, बुडाला असं समजावं.

बेपत्ता आणि बुडाला. एका ओळीत दोन्ही. पण मावशीला कळलं होतं हो. पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुंकू-मंगळसूत्राची भानगड आमच्यात नव्हती, पण विमलच्या हातातल्या बांगड्या तिनं स्वतः उतरवल्या, आणि तिला कुशीत घेऊन बसली.

दुसरं वर्ष लागलं तसं शाळेतल्या भास्कर मास्तरांनी विमलला मागणी घातली. चांगला माणूस. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. आमच्यात विधवेचं लग्न लागतं, त्यात कुणी नाक मुरडत नाही. विमलचं मन होतं. मला तिनं सांगितलं होतं, विहिरीवर, घागर अर्धी भरून तशीच सोडून. मास्तर वाटेत भेटले की ती पदर ओढायची आणि मग उगाच माझ्यावर चिडायची — हसतीस काय गं भवाने? असा तो काळ.

मावशीचीही ना नव्हती. ती अडली होती ती एकाच जागी. शांतवनला कबर नव्हती.

आमच्याकडे ईस्टरला पहाटे अंधारात सगळी कबरस्तानात जमतात. आदल्या दिवशी कबरींना चुना लावलेला असतो. मेणबत्त्या, फुलं, गाणी, आणि सूर्य वर यायच्या वेळेला पुनरुत्थानाची प्रार्थना. जो तो आपापल्या माणसापाशी उभा. मावशीनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "सुमे, मी कुठं उभी राहू गं? माजं माणूस पान्यात हाय. मला समुद्र दाव. उजाडतानाचा. त्येच्यापुढं फुलं ठिवीन, पोटभर रडून घीन, आन् मग पोरीला मोकळी करीन. तिचं वय हाय का जळायचं?"

समुद्र दाव! जसं काही जवळचं वांबोरी गाव दाव म्हणावं. आमच्या गल्लीत समुद्र कुणी पाहिला नव्हता. मावशीनं घोडेगावच्या बाजारात शेळी विकली आणि माझ्या गाडीभाड्याची सोय केली. बाबांना अभिमान वाटला. मुंबईला त्यांचा चुलतभाऊ होता, त्याच्या नावाची चिठ्ठी माझ्याजवळ दिली. मी कॅमेरा पोत्यात बांधला, बाबांचा कोट अंगात घातला — नगरच्या जुन्या बाजारातून घेतलेला खाकी लष्करी कोट, माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा — आणि स्टेशनावर गेले.

गाडी आली. डब्यात शिपाई, दारात शिपाई, पायरीवर शिपाई. कुणीतरी हात पुढं केला, चल ये म्हणाला, चांगल्या मनानंच म्हणाला असेल. आणि माझे पाय उचलेनात. बस, इतकंच. कुणी अडवलं नाही, काही हरवलं नाही. मी घाबरले. गाडी गेली आणि मी फलाटावर पोतं धरून उभी.

घरी कोणत्या तोंडानं जायचं? आईची बहीण राजूरकडे दवाखान्यात नर्स होती; आई गेल्यापासून तिचं आमच्याकडे येणं-जाणं नव्हतं. तेव्हा पेट्रोल नसायचं, कोळशाच्या गॅसवर मोटारी चालायच्या, चढ आला की उतरून ढकला. तसल्या मोटारीनं संगमनेर, अकोले करत मी तिच्याकडे पोचले. मनात तेव्हा खोटं नव्हतं — की होतं? आज इतक्या वर्षांनी मलाच सांगता येत नाही. वाटलं होतं, दोन दिवस राहीन, धीर येईल, मग जाईन मुंबईला. तिच्या ओळखीची बैलगाडी भंडारदऱ्याकडे निघाली होती, तीत बसले. आणि धरणाचं पाणी पाहिलं.

मी एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं त्याला लाटा येत होत्या. काठावर आपटत होत्या, चपाक चपाक. पहाटे त्यावर इतकं धुकं, की पलीकडचे डोंगरच नाहीत. मला वाटलं, समुद्र याहून वेगळा काय असणार?

काढला तिथं फोटो. त्या पहाटेचं जरा नंतर सांगते.

गावात परत आले. आणि मग मी बोलायला लागले. तुम्ही बघताय ना मी किती बोलते — तेव्हाही अशीच. समुद्राचा वास कसा खारट, बोटी कशा भोंगे वाजवतात, काकांच्या चाळीला जिने किती. एक खोटं बोलून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. मी रंगवून रंगवून सांगितलं! बायका चूल टाकून ऐकायला यायच्या. विमल तर माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. बाबांनी फोटो बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, लाटांचा धूर झालाय बघ, कसं दिसतंय, जसं ढगावर ऊन. तो फोटो चांगला होता हो. ते खोटं नाही. माझ्या हातून पुन्हा तसा कधी आला नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी फोटो चौकटीत घालून कपड्यात गुंडाळून मावशीला दिला. ती म्हणाली, आता न्हाई बघत, उद्याच बघीन.

पहाटे कबरस्तानात सगळं गाव. मावशीनं नवऱ्याच्या कबरीशेजारच्या रिकाम्या जागेवर वीट ठेवली, विटेला चौकट टेकवली, दोन मेणबत्त्या लावल्या. झेंडूची फुलं वाहिली. कपडा काढला. विमल तिच्या पाठीशी, मी विमलच्या शेजारी. भास्कर मास्तर जरा लांब, टोपी हातात घेऊन. सगळ्यांना माहीत होतं की आज मावशी रडेल आणि आठवड्याभरात लग्नाची तारीख ठरेल. मावशी वाकली. मेणबत्ती उचलून फोटोजवळ नेली. कितीतरी वेळ तशीच.

मग ती किंचाळली.

"शांतवन! शांतवन उभा हाय! अरं पान्यात उभा हाय माजा सोन्या!"

गाणं थांबलं. माणसं धावली. चौकट या हातातून त्या हातात. आणि खरंच — धुरासारख्या त्या पाण्यात गुडघाभर बुडून एक माणूस उभा होता. किंचित वाकलेला. कोट घातलेला. डोक्याला काहीतरी बांधलेलं. त्याच्यातून पलीकडचं पाणी दिसत होतं, उजेड दिसत होता. हातात काठीसारखं काही. तोंड नव्हतं, तोंडाच्या जागी नुसती सावली. कुणी म्हणालं, कोट पलटणीचाच हाय. कुणी गुडघ्यावर बसलं. ईस्टरची पहाट, हो! कबर रिकामी असल्याचं ज्या पहाटे ऐकतो, त्या पहाटे, कबर नसलेल्या पोराला आईनं उभं पाहिलं.

 

आता सांगते. ती मीच आहे.

त्या पहाटे माझ्याकडे एकच काच उरली होती. मी झाकण काढलं, प्रार्थना सुरू केली, आणि तेव्हा दिसलं — काठाजवळ पाण्यात एक खुंटी आहे, म्हैस बांधायची. समुद्रात कुठली म्हशीची खुंटी? फोटो बघणारा पहिलं तेच बोलेल. झाकण लावलं तर काच वाया. मग बाबांचं आठवलं: हललं ते गेलं. म्हटलं पटकन जाते, उपटते, येते. काचेला मी सापडणारच नाही. थंडीसाठी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात बाबांचा कोट. पाण्यात शिरले. खुंटी रुतलेली. निघेना. मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, ओढत, प्रार्थना म्हणत. आणि समोर धुक्यामागं उजेड फुटत होता, आणि मी — मी ओढायचं विसरून बघत राहिले. खोटं झाकायला गेलेली मुलगी, तोंडानं प्रभूची प्रार्थना म्हणत, निश्चल उभी. काचेनं तेवढं बरोबर धरलं.

राजूरहून परत आल्यावर काच धुतली तेव्हाच मला तो धूर दिसला होता. पेन्सिलीनं काचेवर रिटचिंग करून तो मिटवता आला असता; ते काम मला येत होतं, लोकांचे देवीचे वण मी रोज मिटवत होते. का नाही मिटवला? सांगू? आवडला मला. एवढ्या लोकांचे फोटो धुतले, माझा स्वतःचा एक नव्हता. म्हटलं, असू दे, कुणाच्या लक्षात येतंय.

कबरस्तानात एक वाक्य पुरलं असतं. मावशी, ती मी हाय गं. हसं झालं असतं माझं. शेळीच्या पैशाचं निघालं असतं, मुंबईचं निघालं असतं, गल्ली वर्षभर मला चिडवत राहिली असती. एवढंच ना? मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून मावशी बदलली. फोटो घरात भिंतीवर, खाली दिवा. जेवताना शांतवनचं ताट. म्हणायची, कागदावर बेपत्ता लिहिलंय ना, मग? आणि जित्या नवऱ्याच्या बायकोचं लगीन लावायचं? मास्तर दोनदा आले. दुसऱ्या वेळी तिनं दारातच सांगितलं, "मास्तर, दुसऱ्याच्या बायकूच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई."

मग विमल आली. दुपारी, मी अंधाऱ्या खोलीत होते, दार लोटून आत आली आणि लाल उजेडात माझ्यासमोर बसली. रडत नव्हती. रडून आली होती.

"सुमे, तू हुतीस तितं. कोन हुतं पान्यात?"

"मला काय ठावं."

"कोळी-बिळी असंल. आठव की. तू म्हन फकस्त, कोळी हुता. आई तुजं ऐकंल. म्या मास्तरला थांब म्हनलंय."

बघा, तिनं मला खोटंसुद्धा आयतं आणून दिलं होतं. मला खरं बोलायचीही गरज नव्हती. कोळी होता — दोन शब्द! पण माझ्या डोक्यात एकच भीती: कोळी म्हटलं की विचारतील कुठला कोळी, कुठला किनारा, काकांना विचारू, आणि धागा ओढत ओढत सगळं उसवेल. मी तिच्याकडे न बघता काच धूत राहिले आणि म्हणाले,

"तितं कुनी नव्हतं, विमल. पान्यात कुनीबी नव्हतं."

तिचा चेहरा मी पाहिला नाही. पण तिचा श्वास ऐकला. तिनंसुद्धा तेव्हाच मानलं. मास्तरांवर जीव जडलेला असताना, दुसरं लग्न करायला निघालेली असताना, तिला कळलं की नवरा उभा राहून बघतोय. भ्यायली ती. मी भ्यायले होते म्हणून ती भ्यायली.

पुढं पावसाळ्यात कोकणातले नवे पाळक आले. घरभेटीला मावशीकडे गेले, मी तिथंच शेंगा फोडत बसलेली. फोटो निरखला आणि सहज म्हणाले, मुंबईला सूर्य समुद्रात मावळतो, बाई, उगवत नाही. उगवतो तो जमिनीकडून. मला ते माहीतच नव्हतं! आम्हाला कुणालाच नव्हतं. मावशी हसली, "तुमच्या कोकनात नसंल उगवत. माज्या पोरासाठी उगवला." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला उठले आणि मागच्या दारानं घरी गेले. ती तिसरी संधी. चौथी आली नाही, किंवा रोजच येत राहिली — कसं म्हणायचं?

मास्तर बदली मागून पारनेरकडे गेले. तिकडेच त्यांचं लग्न झालं. निरोप मीच विमलला सांगितला, कारण दुसरं कुणी धजेना. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. तव्यावर आधीची करपून काळी झाली, तरी.

मावशी बरीच वर्षं जगली, वाट बघत, आनंदात. शांतवन आला नाही. विमलनं तिचं सगळं केलं, शेवटी अंथरुणातलंसुद्धा. मी लग्न केलं, मुली झाल्या, नातवंडं झाली. प्रत्येक बाळंतपणाला विमल माझ्या उशाशी. माझ्या मुली तिला मोठी आई म्हणतात. तिला स्वतःचं लेकरू नाही.

मावशीच्या शवपेटीत तो फोटो घालून पुरला, तिची तशी इच्छा होती. काच माझ्याकडे होती. ती मी त्याच आठवड्यात फोडली आणि तुकडे उकिरड्यात खोल पुरले. म्हणजे आता दाखवायलाही काही नाही.

विमल आहे अजून. दोन घरं सोडून राहते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तर दिवसातून दोनदा येते थेंब घालायला. माझं डोकं मांडीवर घेते, पापणी बोटानं वर धरते. तिचं तोंड अगदी माझ्या तोंडावर असतं. तिला वाटतं, औषध झोंबतं म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. पदरानं पुसते. मी पुसू देते.